विहिरीवरचा पहारेकरी

६ जानेवारी २०२५, सोमवार

खताच्या दुकानातून दरवर्षी मिळणारी डायरी आमच्याकडं माझी बायको अयोध्या वापरते. पाककृती, फोन नंबर, कुणाच्या लग्नात कुणी काय नेसलं होतं, असं सगळं तिच्यात असतं. यंदाची मी आधीच उचलली. आज जे घडलं ते कुठंतरी लिहून ठेवायला हवं, आणि बायकोला सांगितलं तर ती पहिला प्रश्न जो विचारेल तो मला नको आहे.

सकाळी माझ्या प्रिंट-झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे पोलीस भरतीचे फॉर्म भरत होतो. मध्येच एक मेल आला. पुण्याच्या हर्षाली नावाच्या बाईंचा. त्या 'मोकळा डाव' नावाच्या ऑनलाइन दुकानात काम करतात. जुने कॉम्प्युटर गेम शोधायचे, आजच्या मशिनवर चालतील असे दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांना 'चोरपावलं' पुन्हा बाजारात आणायचा आहे. मेलमध्ये एक शब्द होता, 'क्लासिक'. तो मी तीन वेळा वाचला आणि समोरच्या उमेदवाराच्या फॉर्मवर माझी जन्मतारीख टाकली.

'चोरपावलं' हा मी २००६ साली केलेला खेळ. किल्ला आपल्या परंड्याचाच. एक हेर खंदक ओलांडून आत शिरतो आणि खलिता घेऊन बाहेर पडतो. तलवार नाही, मारामारी नाही. सावलीतून चालायचं, पहारेकऱ्याची पाठ फिरली की पुढं सरकायचं. पायाखाली वाळकं पान आलं तरी पहारेकरी वळून बघतो. तेव्हा असा मराठीत बोलणारा खेळ जिल्ह्यात कुणी पाहिला नव्हता.

मी केलेला म्हणजे आम्ही केलेला. खेळाच्या डब्यावर दोन नावं आहेत. मेलच्या शेवटी हर्षालीबाईंनी तेच लिहिलंय. करारावर दोघांच्याही सह्या लागतील, पाच फेब्रुवारीच्या आत. नाहीतर यंदा खेळ यादीतून बाहेर.

दुपारी जेवताना न राहवून अयोध्येला सांगितलंच. तिनं पहिला प्रश्न तोच विचारला. राजपालभाऊजींना कळवलं का?

७ जानेवारी, मंगळवार

राजपालविषयी लिहायचं नव्हतं. पण डायरी खासगी आहे, लिहितो.

डब्यावरचं दुसरं नाव त्याचं. राजपाल परंडा स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. कुर्डुवाडीची गाडी कुठल्या फलाटावर लागली, भूमची किती उशिरा येणार, हे भोंग्यावरून सांगणारा आवाज त्याचा. माझ्या दुकानात तो स्पष्ट ऐकू येतो. मी दुकान घेतलं तेव्हा तो कंडक्टर होता आणि दिवसभर गावाबाहेर असायचा. पुढं त्याला बढती मिळाली, यात माझा दोष नाही.

आम्ही एकोणीस वर्षं बोललेलो नाही. कारण सांगतो. खेळाची नक्कल कुणी करू नये म्हणून आम्ही त्याला कुलूप घातलं होतं. खेळ सुरू केला की तो विचारायचा, पुस्तिकेतल्या अमुक पानावर अमुक ओळीत अमुक शब्द कोणता? पुस्तिका फक्त डब्यात मिळायची. शब्द बरोबर टाकला तर किल्ल्याचा दरवाजा उघडायचा. कल्पना माझी. कुलूप घडवलं राजपालनं, कारण त्याचा हात त्या कामात माझ्याहून, लिहितो आता, चांगला होता.

गणपतीत खेळ बाजारात आला. दसऱ्याला मी बार्शीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो, तर तिथं 'चोरपावलं' चालू, आणि शब्द विचारतच नाही. सरळ दरवाजा उघडतो. कुलूप काढता येणारा माणूस जगात एकच होता. तसाच परत आलो, स्टँडवर गेलो. राजपाल ईट गावच्या गाडीवर होता. मी त्याला सगळ्या प्रवाशांसमोर चोर म्हणालो. त्यानं एवढंच सांगितलं की कुलूप त्यानंच काढलं. मग दोरी ओढून दोनदा घंटी दिली आणि गाडी निघून गेली.

तेव्हापासून मी स्टँडच्या आत पाऊल टाकलेलं नाही. टोनर आणायला दर पंधरवड्याला कुर्डुवाडीला जावं लागतं. त्याची पद्धत बसवली आहे. दुकानामागचा बोळ, मग रसवंती, मग बंद पडलेली पाणपोई, तिथून चहाच्या टपरीचा आडोसा, आणि वळणावर गाडीला हात. अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी तो फलाटावरून कॅबिनमध्ये जातो, तेव्हा पाणपोई ते टपरी हे अंतर कापायचं. नियंत्रक होऊन त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत एकदाही त्याच्या नजरेला पडलो नाही. खेळ ज्यानं केला त्याला एवढं जमणारच.

९ जानेवारी, गुरुवार

हर्षालीबाईंचा फोन आला. बोलायला चुणचुणीत आहेत. त्यांच्या दुकानाचा एकच मोठा नियम आहे. खेळाला कुलूप नाही. एकदा घेतला की माणसानं तो कुठल्याही मशिनवर टाकावा, इंटरनेट नसलं तरी खेळावा, नातवाला द्यावा, कुणी विचारणार नाही. मी म्हणालो, बाई, तुम्ही आमचा जिल्हा पाहिला नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, लोकांवर विश्वास ठेवला की बहुतेक लोक नीट वागतात असा त्यांचा अनुभव आहे. पुण्यात असेल.

त्यांच्याजवळ खेळाची एक चालती प्रत आहे, कुणा हौशी माणसानं जपलेली. अर्थात ती कुलूप काढलेली. मी स्पष्ट सांगितलं की तो चोरीचा माल आहे, माझ्या नावानं तो विकायचा नाही. मूळ डब्यातली प्रत मी मिळवतो, तिचं कुलूप रीतसर उघडून देतो, मग पुढचं बघू. त्या म्हणाल्या की ती प्रत नसती तर खेळ कुणाला आठवलाच नसता. शिवाय त्यांना एक गंमत वाटते. ज्यांच्याकडं असल्या प्रती सापडल्या ती गावं एका ओळीत आहेत. परंडा, भूम, ईट, मग इकडं बार्शी, कुर्डुवाडी. मी म्हणालो, योगायोग.

दुसरी गोष्ट त्यांनी पहारेकऱ्याची काढली. किल्ल्यातल्या विहिरीपाशी जो चौथा पहारेकरी आहे, त्याच्या अगदी समोर जाऊन उभं राहिलं तरी तो पकडत नाही. मान वळवून दुसरीकडं बघतो. खेळणाऱ्यांनी त्याला 'मामा' असं नाव ठेवलंय आणि त्यांचा त्याच्यावर फार जीव आहे. ती चूक आहे की मुद्दाम? मी सांगितलं की ती राजपालच्या हातची चूक आहे, आळशीपणा, आणि नव्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली पाहिजे.

फोन ठेवल्यावर वाटलं, आळशीपणा म्हणायला नको होतं. तो आळशी कधीच नव्हता.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीची भाकरी, तीळ लावलेली. सोबत माझी आवडती शेंगदाण्याची चटणी होती. ही चटणी अयोध्या बचत गटातून आणते. मी तिला कितीदा म्हटलं, गटात ही कोण करतं त्या बाईला विचार, लसूण किती घालते. ती म्हणते विचारते आणि विसरते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अयोध्येनं तिळगुळाचा एक डबा वेगळा भरून फडताळात ठेवला. कुणासाठी म्हणून विचारलं नाही. तीच म्हणाली, रथसप्तमीपर्यंत चालतंय.

१९ जानेवारी, रविवार

ईटला जाऊन आलो. डबा मिळाला!

माझ्याकडं स्वतःच्या खेळाचा एकही डबा उरलेला नाही, ही गोष्ट मी हर्षालीबाईंना सांगितली नव्हती. पुस्तिकेचं म्हणाल तर फक्त मनोगताचं पान आहे, बाहेरच्या खोलीत फ्रेममध्ये. ते अण्णांनी, माझ्या वडिलांनी, लावलं. घरी कुणी आलं की अण्णा त्याला आधी फ्रेमसमोर न्यायचे, मग चहा. त्याच वर्षी मार्गशीर्षात ते गेले, पान तिथंच राहिलं.

ईटच्या बलभीमनं तेव्हा कॉम्प्युटर क्लास काढला होता आणि पहिला डबा त्यानंच घेतला होता, हे आठवलं. भूमला गाडी बदलून गेलो. क्लास कधीच बंद झालाय, बलभीम आता शेतीच करतो. ज्वारी हुरड्यात आलेली. आगटीपाशी बसवून त्यानं आधी पोटभर हुरडा खाऊ घातला आणि मग घरातून डबा आणला, नव्यासारखा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आत सीडी, आत पुस्तिका. पहिल्याच पानावर माझा फोटो. मिशी होती तेव्हा.

मी म्हणालो, आता कुलूप उघडून रीतसर काम होईल. बलभीम कणीस चोळता चोळता थांबला.

"ते कुठं उघडत हुतं? चार दिस शब्द घालून घालून बोटं दुखली आमची. तुमच्याकडं आलो तर तुमी म्हनले, पुस्तिका नीट वाचा. मग राजपालसायेब गाडीवर भेटले. डबा दाखवा म्हनले. दावला, तशी दुसरी सीडी दिली. ज्याच्याकडं डबा न्हाय त्याला देत न्हवते बरं का. त्येवढा हिशेबी मानूस."

मला साक्षीदार मिळाला. एकोणीस वर्षांनी का होईना, राजपाल गाडीवर बसून सीड्या वाटत होता याचा पुरावा हाती आला. येताना भूमच्या गाडीत बसल्या बसल्या तेच घोळवत होतो. आनंद मात्र म्हणावा तसा झाला नाही. हुरडा जास्त झाला असावा.

पुस्तिका नीट वाचा, असं मी चाळीसेक लोकांना तरी सांगितलं असेल त्या काळात. आपल्या लोकांना पुस्तिका वाचायचं वळणच नाही.

२० जानेवारी, सोमवार

दुपारी दुकान रिकामं होतं. जुनं मशीन पुसून काढलं, बलभीमची सीडी घातली. खेळानं विचारलं, पान नऊ, ओळ चार, शब्द दोन. पुस्तिका उघडली, नववं पान, चौथी ओळ, दुसरा शब्द 'बुरूज'. टाकला. 'पहारेकऱ्यांनी पकडलं' अशी पाटी आली.

परत. पान सहा, ओळ एक, शब्द पाच. 'मशाल'. पकडलं.

अकरा वेळा पकडला गेलो. माझ्याच किल्ल्यात.

२१ जानेवारी, मंगळवार

राजपालनं कुलूपच चुकीचं घडवलं होतं, हे उघड आहे. त्याला उघडता आलं कारण त्यानं ते फोडलं. सरळ सांगायचं ना तेव्हा, चूक झाली म्हणून. मी काय खाल्लं असतं का?

२२ जानेवारी, बुधवार

टोनर संपला. कुर्डुवाडीला गेलो. पाणपोईपाशी थांबलो होतो, तेवढ्यात भोंग्यावरून गाडी पाच मिनिटं थांबवल्याचं सांगितलं. बरं झालं, टपरीपर्यंत निवांत जाता आलं. माझं नशीब अशा बाबतीत चांगलं आहे. मागंही पुष्कळदा असंच झालंय.

२७ जानेवारी, सोमवार

आजचं लिहायला हात वळत नाही. पण तीन आठवडे या वहीत एवढं लिहिलं आणि नेमकं आजचं गाळलं तर लिहिण्यात अर्थ नाही.

अयोध्या दुपारी दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली. मी बाराव्यांदा पकडला जात होतो. ती बाकावर बसून पुस्तिका चाळत होती. माझा फोटो बघून हसली. मग तिनं विचारलं, हे मनोगत कधी लिहिलं होतं? मी सांगितलं, अगदी शेवटी. सगळी पुस्तिका तयार होती, राजपालनं ती समोर ठेवून कुलूपही पुरं केलं होतं. बार्शीच्या छापखान्यात मी एकटाच गेलो होतो. मालक लग्नपत्रिका छापायचा, त्यानं विचारलं, लेखकाचं मनोगत नाही का? मला ते पटलं. एवढा खेळ आणि मनोगत नाही? तिथंच स्टुलावर बसून दोन पानं लिहिली, पाकिटातला फोटो दिला. शेवटची दोन पानं कोरी जाणारच होती, त्यामुळं पानांचा मेळ बसला. राजपालला सांगायचंही राहून गेलं, एवढी घाई होती.

"मग ही दोन पानं शेवटी का न्हाय लावली?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, मनोगत शेवटी कोण छापतं?

तिनं पुस्तिका माझ्यासमोर ठेवली, डबा उघडून ठेवला आणि दूध तापवायचं राहिलंय म्हणून निघून गेली.

मी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच बसलो. मग खेळ परत चालू केला. पान नऊ, ओळ चार, शब्द दोन. मी पुस्तिकेचं अकरावं पान उघडलं. चौथी ओळ. दुसरा शब्द 'सावली'.

दरवाजा उघडला.

बंद केला, पुन्हा चालू केला. विचारेल त्या पानात दोन मिळवायचे. पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा उघडला. किल्ल्यात चांदणं होतं आणि पहिला पहारेकरी तटावरून चालत होता, आणि मला एक पाऊल टाकवेना.

२८ जानेवारी, मंगळवार

कुलूप बरोबर होतं. पानं मी सरकवली होती. ज्यांनी डबा विकत घेतला त्यांच्यातल्या एकालाही खेळ उघडत नव्हता, आणि त्यांना मी सांगत होतो, पुस्तिका नीट वाचा. मला स्वतःला कधी कळलं नाही, कारण माझ्या मशिनवर कुलपाच्या आधीची प्रत होती.

बलभीमचं बोलणं आता नीट ऐकू येतंय. डबा दाखवा, मग दुसरी सीडी. राजपाल गाडीवर फिरता फिरता माझं गिऱ्हाईक सांभाळत होता. आणि मी त्याला चोर म्हणालो. त्याच्या गाडीत, त्याच्या प्रवाशांसमोर.

मनोगताची दुसरी बाजूही आज वाचली. फ्रेममध्ये पुढचीच बाजू दिसते, मागची मी एकोणीस वर्षांत बघितली नव्हती. आभार एकतीस जणांचे आहेत. राजपालचं नाव शेवटून तिसरं. झेरॉक्सवाल्यानंतर, चहावाल्याच्या आधी.

लाज वाटली. दुसरा कुठला शब्द नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आज स्टँडवर जायचं ठरवून निघालो. समोरच्या फाटकापर्यंत गेलो. पाय आपोआप बोळाकडं वळले. रसवंती, पाणपोई, टपरी, सगळं करून वळणावर पोचलो. गाडीला हात करायचा नव्हता, तरी केला. ती थांबली. कुर्डुवाडीला जाऊन आलो. टोनर भरलेलाच होता, म्हणून एक पेन घेतलं.

हर्षालीबाईंचा मेल. सह्यांचं काय? सहाच दिवस उरले.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अयोध्येनं फडताळातला तिळगुळाचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. रथसप्तमी परवावर आलीय, एवढंच बोलली. गेलो.

राजपालच्या घरी मी अखेरचा गेलो तेव्हा पत्रे होते, आता स्लॅब आहे. दार त्यानंच उघडलं. केस पांढरे झालेत. भोंग्यावर ते कळत नाही. त्यानं डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बाजूला झाला. आतून दीक्षावहिनींनी पाणी आणलं आणि अयोध्येचा गुडघा आता कसा आहे म्हणून विचारलं. अयोध्येचा गुडघा दुखत होता हे मलाच माहीत नव्हतं.

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. खिशातून पुस्तिका काढली, मनोगताचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं आणि म्हणालो, "दोन पानं."

"व्हय," तो म्हणाला. "दोन."

म्हणजे त्याला माहीत होतं. केव्हापासून? खेळ आला त्याच आठवड्यापासून. पहिला माणूस डबा घेऊन गाडीवर तक्रार करायला आला, तेव्हाच त्यानं पानं मोजली होती. मग मला का सांगितलं नाही? मी जरा मोठ्यानंच विचारलं असेन, कारण वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

राजपाल सावकाश बोलला.

"सांगायलाच आलतो. तू घरी न्हवतास. अण्णा ओसरीवर बसले हुते, हातात पुस्तिका. फ्रेमवाल्याकडं निघाले हुते. मला म्हनले, राजपाल, बरा आलास, वाच की जोरात, पोरानं काय लिवलंय. म्या वाचलं. दोन्ही पानं, सगळी नावं. ते डोळे पुसत हुते. मग त्यांना कसं सांगू, ह्या पानानंच सगळा घोळ झालाय म्हनून? चहा घेतला, निघून आलो. घरी येऊन कुलूप काढलं, सीड्या केल्या."

आणि नंतर? अण्णा गेल्यावर?

"नंतर तू बोलायचाच बंद झालास. मग मला बी सवय झाली."

मी रडलो. वहिनींसमोर, चाळिशी पार केलेला माणूस.  राजपालनं उठून पंखा लावला, फेब्रुवारीत.

थोड्या वेळानं त्यानं कोपऱ्यातून पत्र्याची पेटी आणली. कंडक्टर असताना तिकिटं ठेवायची ती. आत मूळ खेळाच्या सगळ्या सीड्या, तारखा घालून. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तो जुना कॉम्प्युटरही होता, टॉवेल पांघरून. लावून बघितला. लागला. आम्ही एका खुर्चीवर अर्धे-अर्धे बसलो, पूर्वीसारखे. आता मावत नाही.

विहिरीपाशी आलो तेव्हा मला आठवलं. म्हटलं, एवढा चौथा पहारेकरी दुरुस्त करून दे, पुण्याहून विचारत होते. राजपालनं मान हलवली. तो दुरुस्त करायचा नाही म्हणाला. तो मुद्दाम तसा आहे.

"अण्णा खेळायचे दुपारचे. तू नसलास की मला बोलवायचे, लाव म्हनायचे. दोन बोटांनी खेळायचे. विहिरीपाशी रोज पकडले जायचे आन् मग दिवसभर तोंड उतरलेलं. म्हनून त्याची मान फिरवली म्या. दुसऱ्या दिशी खलिता घेऊन बाहेर आले. तुला सांगू नको म्हनले, हसशील म्हनून."

अण्णांनी माझा खेळ शेवटपर्यंत खेळला होता. मला वाटायचं त्यांना फक्त फोटोचं कौतुक होतं.

मग सही. त्यानं करार वाचला, अगदी सावकाश, कंडक्टर तिकीट तपासतो तसा. मी म्हणालो, पुस्तिका नव्यानं देणार आहेत, ते मनोगत काढून टाकतो, त्यानं पुष्कळ नुकसान केलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

"ऱ्हाऊ दे की. आता कुलूपच न्हाय. घाल पायजे तेवढी पानं."

वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात चटणी होती. पहिल्याच घासाला ओळखली. लसूण किती घालता म्हणून विचारलं तर म्हणाल्या, अयोध्याताईंना बारा वर्षांपूर्वीच सांगितलंय.

निघताना दारात मला राहवलं नाही. विचारलं, अकरा वर्षं तू स्टँडवर आहेस, मी दर पंधरवड्याला कुर्डुवाडीला जातो. मी तुला एकदाही दिसलो नाही ना?

"टपरीमागनं जाताना? दर खेपेला. कॅबिनच्या खिडकीतून समदा रस्ता दिसतोय."

मग?

"मग काय. मान फिरवायचो," राजपाल म्हणाला. "कधी तू पाणपोईपाशीच अडकायचास, तवा गाडी थांबवायला लागायची. तुला बी जायचं असतंय की."

५ फेब्रुवारी, बुधवार

सह्या पोचल्या. हर्षालीबाईंनी विचारलं, पहारेकऱ्याचं काय ठरलं? तसाच ठेवा म्हणालो. चूक नाही ती. त्यांनी विचारलं, मग काय आहे? सांगायला लागलो तर फोन अर्धा तास चालला.

अयोध्येला गुडघ्याचं विचारलं. म्हणाली, गेल्या वर्षी दुखत होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा दिनाचा मुहूर्त धरून आज सकाळी 'चोरपावलं' हर्षालीबाईंच्या ऑनलाइन दुकानात लागला. कुलूप नाही. पुस्तिकेत नवं पान एकच घातलंय, जुन्या मनोगताच्याही आधी. त्यावर एकच आभार आहेत. किती पानं पुढं सरकली ते मोजलं नाही.

पहिली प्रत बलभीमनं घेतली. फोन करून म्हणाला, एकदम उघडला, चुकल्यासारखं वाटलं.

टोनर आणायचा होता. साडेअकराला दुकानाला कुलूप लावलं आणि रस्त्यानं सरळ चालत स्टँडच्या समोरच्या फाटकातून आत गेलो. फलाट दोनवर उभा राहिलो, भर उजेडात. कॅबिनची खिडकी बरोबर समोर आहे, हे मला आजच कळलं. राजपाल खिडकीत होता. त्यानं मान फिरवली नाही. माझ्याकडं बघितलं, चांगलं निरखून, आणि माइक ओढला.

"परंडा कुर्डुवाडी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. प्रवाशांनी गाडीत इथंच बसावं. टपरीच्या मागं कुणी असल्यास त्यानंही आत यावं."

टपरीमागं कुणी नव्हतं. दोन-तीन माणसांनी तरी वळून बघितलं. मी खिडकीकडची जागा धरली आणि कंडक्टरनं दोनदा घंटी दिली.